१७०० तास आणि कॉलेजची फी: अमेरिकोरमधून पैसे कसे उभे करायचे

न्यू जर्सीत मराठी शाळेच्या आवारात दर रविवारी एक समज फिरत असतो: मुलांनी सेवेचे तास भरले की कॉलेजला पैसे मिळतात. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी बरीच मुलं चुकीच्या ठिकाणी तास भरत बसतात.

फूड बँकेत डबे रचले, लायब्ररीत पुस्तकं लावली, मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडल्या, तर त्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि कॉलेजच्या अर्जात लिहायला एक ओळ मिळते. राष्ट्राध्यक्षांच्या नावाचं जे सेवापदक २००३ साली सुरू झालं, त्यात १६ ते २५ वयाच्या मुलांना २५० तासांवर सुवर्णपदक होतं. त्यामागे कितीतरी आईवडील धावले, पण त्या पदकासोबत एक डॉलरही येत नसे. फीला उपयोगी पडणारे तास वेगळे असतात. ते आधी ठरवून, करार करून, नोंदणी झाल्यावरच सुरू होतात. मागच्या तारखेचा एकही तास त्यात धरत नाहीत.

असे तास देणारी सगळ्यात मोठी सरकारी योजना म्हणजे अमेरिकोर. (नावात शेवटी 'प्स' लिहितात, पण उच्चारत नाहीत. मुलाखतीला जाण्यापूर्वी एवढं माहीत असलेलं बरं.) १९९३ मध्ये कायदा झाला, १९९४ मध्ये पहिली तुकडी उतरली. मुळं त्याहून जुनी आहेत: १९३३ मध्ये रूझवेल्टनी बेरोजगार तरुणांना जंगलं आणि उद्यानांच्या कामाला लावलं होतं, आणि १९६५ पासून गरीब वस्त्यांत काम करणारी व्हिस्टा ही योजना चालू आहे. माझे वडील साताऱ्याचे. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात सकाळी शेतात राबून शिकलेले. त्यांना फोनवर हे समजावताना माझं अर्धं वाक्य व्हायच्या आत ते म्हणाले, "म्हणजे कमवा आणि शिका की." जवळपास तसंच. फरक एवढाच की इथे आधी कमवायचं आणि मग शिकायचं, आणि कमावलेलं हातात न पडता थेट कॉलेजकडे जातं.

आमच्या लेकीने बारावीनंतर एक वर्ष हे केलं. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरुवात, जून २०२४ मध्ये शेवट. पुढचं सगळं त्या वर्षात स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून शिकलेलं आहे.

आधी पासपोर्ट बघा

आपल्या लोकांत बहुतेकांची गाडी इथेच अडते, म्हणून हे पहिलं. अमेरिकोरसाठी मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक हवी, नाहीतर तिच्याकडे ग्रीनकार्ड हवं. आईवडील एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) आणि मूल एच-फोरवर (त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर) असेल तर चालत नाही, मग ते मूल इथे चौथीपासून शिकलेलं का असेना. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर पुण्याहून एमएस करायला आलेल्यांनाही नाही. ग्रीनकार्डचा अर्ज 'चालू आहे' हेही पुरत नाही, कार्ड हातात हवं. घरात मोठा एच-फोरवर आणि धाकटी इथे जन्मलेली असेल, तर धाकटीला दार उघडं आणि मोठ्याला बंद. असं घर मला माहीत आहे. त्या मुलाने सगळा अर्ज भरल्यावर हे कळलं. तुम्ही पहिल्याच दिवशी बघून घ्या.

बाकीच्या अटी सोप्या आहेत. बहुतेक ठिकाणी वय १७ पूर्ण लागतं, व्हिस्टासाठी १८. हायस्कूलचा दाखला नसला तरी सुरुवात करता येते, पण शिक्षणाची रक्कम वापरण्याआधी तो मिळवावा लागतो. मुलांसोबत काम असेल तर बोटांचे ठसे घेऊन एफबीआयकडून तपासणी होते. यात वेळ जातो, तेव्हा कागद मागितले की त्याच दिवशी द्या.

रक्कम किती, आणि कशी मोजतात

सेवा पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या रकमेला 'सीगल एज्युकेशन अवॉर्ड' म्हणतात. या योजनेचे पहिले प्रमुख ईलाय सीगल, त्यांच्या नावाने. पूर्ण वेळाच्या सेवेची रक्कम त्या वर्षीच्या पेल ग्रँटच्या (केंद्र सरकार गरजू विद्यार्थ्यांना देतं त्या मदतीच्या) कमाल रकमेएवढी असते. पेल ग्रँट ७,३९५ डॉलरवर असताना तासांप्रमाणे हिशोब असा बसतो:

१७०० तास: ७,३९५ डॉलर
१२०० तास: ५,१७६.५०
९०० तास: ३,६९७.५०
६७५ तास: २,८१७.१४
४५० तास: १,९५६.३५
३०० तास: १,५६५.०८

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. १७०० तासांना तासामागे ४.३५ डॉलर पडतात, ९०० ला ४.११, आणि ३०० तासांना ५.२२. म्हणजे या यादीतला सगळ्यात छोटा करार तासाच्या हिशोबाने सगळ्यात महाग! कॉलेजात शिकता शिकता ज्याला जमेल तेवढंच करायचं आहे, त्याने ३०० तासांची जागा शोधावी. शाळेचे तीस आठवडे धरले तर आठवड्याला दहा तास. मात्र पूर्ण वेळाला राहणीभत्ता द्यावाच लागतो, कमी तासांच्या जागांना तो द्यायचं बंधन नाही. म्हणून नुसत्या या यादीवरून ठरवू नका. जाहिरातीत भत्त्याचा आकडा बघा आणि दोन्हींची बेरीज करा.

वर्षाची एक गंमत. लेकीसोबत राहणाऱ्या मुलीने त्याच्या पुढच्या वर्षी तेच काम केलं आणि तिला ७,३९५ मिळाले. आमच्या लेकीला ६,८९५. काम तेच, शाळा तीच. रक्कम ठरते ती त्या जागेला ज्या सरकारी आर्थिक वर्षात मंजुरी मिळाली त्यावरून, आणि ते वर्ष ऑक्टोबरपासून सुरू होतं. करारपत्रावर आकडा छापलेला असतो. सही करताना तोच वाचा, इंटरनेटवरचा नको.

एका माणसाला आयुष्यात जास्तीत जास्त दोन पूर्ण वेळाच्या रकमांएवढं मिळू शकतं. त्यापुढे सेवा करता येते, शिक्षणाची रक्कम मिळत नाही.

जागा कुठली निवडायची

अमेरिकोर स्वतः फार थोड्या जागा भरतं. बहुतेक जागा इतर संस्थांच्या असतात आणि पैसा अमेरिकोरकडून येतो. सिटी इयर ही बॉस्टनमध्ये १९८८ साली सुरू झालेली संस्था शहरी शाळांत १७ ते २५ वयाची मुलं पाठवते. जंपस्टार्ट कॉलेजच्या मुलांना बालवाडीत वाचनाच्या कामाला लावते, आणि तिथे ३०० तासांच्या जागा असतात. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीकडे घरबांधणी आहे. पश्चिमेकडच्या राज्यांत जंगलातल्या पायवाटा बांधणारी, वणव्यासाठी झाडोरा साफ करणारी पथकं आहेत. तंबूत राहायचं, आठवड्यातून एकदा आंघोळ. आपल्या मुलांना ते झेपत नाही असं मुळीच नाही, आईला झेपत नाही.

व्हिस्टाची गोष्ट निराळी. तिथे मुलांना शिकवणं किंवा जेवण वाढणं नसतं. संस्थेची व्यवस्था उभी करणं, अनुदानाचे अर्ज लिहिणं, स्वयंसेवक जमवणं असं बसून करायचं काम असतं. वर्ष सलग द्यायचं. शेवटी शिक्षणाची रक्कम किंवा त्याऐवजी थोडी रोख, यातलं एक निवडता येतं. रोख रक्कम बरीच कमी असते. कॉलेजला जायचं नक्की असेल तर ती घेऊ नका.

एनसीसीसी म्हणून एक निवासी प्रकार आहे: १८ ते २६ वयाची मुलं गटाने राज्याराज्यांत फिरतात, राहणं-खाणं सरकारचं. पण एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने अमेरिकोरची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदानं रद्द केली आणि एनसीसीसीच्या मुलांना मधूनच घरी पाठवलं. मग राज्यं कोर्टात गेली आणि काही राज्यांतली अनुदानं पुन्हा चालू झाली. या प्रकारामुळे मी आता कुणालाही सांगताना एक प्रश्न जास्तीचा सांगतो: "या जागेचा निधी मंजूर झाला आहे की अपेक्षित आहे?" मुलाखतीत हे विचारायला लाजू नका. 'अपेक्षित' असं उत्तर आलं तर दुसरी जागाही हातात ठेवा.

मुलाखतीत विचारायचे आणखी दोन प्रश्न. मागच्या वर्षी किती जणांनी सुरुवात केली आणि किती जणांनी पूर्ण केलं? आणि शाळेला सुट्टी असेल तेव्हा तास कुठून भरायचे? हा दुसरा प्रश्न साधा वाटतो, पण आमचं सगळं वर्ष त्यावर हललं. न्यू जर्सीत शाळेचे दिवस १८०. रोज आठ तास धरले तरी १४४० होतात. राहिले २६०. रोज साडेनऊ तास भरल्याशिवाय किंवा सुट्टीत दुसरं काम मिळाल्याशिवाय १७०० होतच नाहीत. सकाळी शाळा भरण्याआधीचा नाश्त्याचा वर्ग, दुपारनंतरचा अभ्यासवर्ग, शनिवारी रंगकाम, असं सगळं असेल तरच गणित जमतं. संस्थेकडे याचं उत्तर तयार असतं. नसेल तर त्या जागेचा नाद सोडा.

कॉलेजला आधी पत्र लिहून घ्या

बारावीनंतर वर्ष घ्यायचं असेल तर प्रवेश मिळवून तो पुढे ढकलायचा. आधी वर्ष आणि मग प्रवेश, असं नको. खाजगी कॉलेजं बहुधा हो म्हणतात, काही सरकारी विद्यापीठं म्हणत नाहीत. प्रवेश ढकलला म्हणजे गुणवत्तेची शिष्यवृत्तीही ढकलली असं गृहीत धरू नका. दोन्हींची नावं घेऊन ईमेलवर लेखी उत्तर मागवा. आम्ही फोनवर विचारलं होतं. फोनवर होकार आला, पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या कार्यालयातल्या नव्या बाईंना त्याचा पत्ताच नव्हता. दोन महिने पत्रापत्री झाली. शेवटी मिळाली, पण त्या दोन महिन्यांत घरात कोणी धड बोलत नव्हतं.

आणखी एक: सेवेची शेवटची तारीख आणि कॉलेजच्या पहिल्या दिवसाची तारीख शेजारी शेजारी लिहा. कॉलेज सुरू होतंय म्हणून मधूनच सोडलं, तर नियमात ते 'सबळ कारण' धरत नाहीत आणि काहीच मिळत नाही. नोकरी लागली, काम आवडलं नाही, हीही कारणं चालत नाहीत. आजारपण, घरातला मृत्यू अशी कारणं चालतात, आणि तेव्हा किमान १५ टक्के तास झालेले असतील तर प्रमाणात रक्कम मिळते. १७०० तासांच्या करारात ते होतात २५५ तास.

तासांची वही

आता मुख्य गोष्ट. राहणीभत्ता हा पगार नसतो. तो दर पंधरवड्याला ठरलेला तेवढाच येतो, तुम्ही चाळीस तास भरा नाहीतर तीस. त्यामुळे खात्यात पैसे नेमाने पडत राहतात आणि आपण मागे पडलोय हे महिनोन्महिने कळत नाही.

मे महिन्यात एका रात्री लेक लॅपटॉप घेऊन खाली आली. चेहरा उतरलेला. संस्थेच्या पोर्टलवर १,४८८ तास दिसत होते, तिच्या स्वतःच्या वहीत १,५३१. मी पटेल ब्रदर्सच्या किराणा बिलाची पाठ घेतली आणि आम्ही आठवडा-आठवडा लावत गेलो. एकवीस तास असे निघाले की ते तिने धरले होते आणि धरायचे नव्हते: घर ते शाळा गाडीतला वेळ, जेवणाची सुट्टी. उरलेले बावीस असे, की तिच्या सुपरवायझरने मार्चमधली टाइमशीटं मंजूरच केलेली नव्हती. एक मेल टाकल्यावर ते बावीस परत आले. आधीचे एकवीस गेले ते गेले. जूनमध्ये तीन शनिवार शाळेच्या भिंती रंगवून ते भरले. डोक्याला निळा रंग घेऊन घरी यायची.

म्हणून पहिल्या दिवसापासून स्वतःची वही ठेवा आणि महिन्याच्या शेवटी पोर्टलशी ताडून बघा. मंजुरी अडली असेल तर त्याच आठवड्यात विचारा. प्रशिक्षणाचे तास एकूण सेवेच्या वीस टक्क्यांपर्यंतच धरतात आणि निधी गोळा करण्याचे दहा टक्क्यांपर्यंत. मतदार नोंदणी, मोर्चे, धार्मिक शिकवण यातलं काहीही सेवेच्या वेळेत चालत नाही. रविवारी बालविहारमध्ये श्लोक शिकवले तर ते मनासाठी करा, ते तास धरू नका. सेवेचा टी-शर्ट घालून तर ते करूच नका.

आणि काम काय होतं? दुसरीतल्या सहा मुलांना रोज वीस मिनिटं वाचायला बसवायचं. त्यातल्या एका मुलाला इंग्रजीतले 'बी' आणि 'डी' सारखेच दिसायचे. लेकीने त्याला दोन्ही हातांच्या मुठी, अंगठे वर, अशा जोडून 'बेड'चा आकार करायला शिकवलं. फेब्रुवारीपर्यंत तो मुठी टेबलाखाली लपवून करायचा. हे वाक्य पुढे तिच्या कॉलेजातल्या एका निबंधात गेलं, पण ते काही आधी योजलेलं नव्हतं.

रक्कम कॉलेजपर्यंत कशी पोचवायची

सेवा संपली की संस्था ती पूर्ण झाल्याची नोंद करते आणि रक्कम तुमच्या नावावर माय अमेरिकोर या ऑनलाइन खात्यात दिसू लागते. तिथून कॉलेज निवडून हवा तेवढा आकडा टाकायचा. मागणी कॉलेजकडे जाते, त्यांच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाने ती खरी असल्याचं कळवायचं, मग पैसे कॉलेजच्या खात्यात. कॉलेज केंद्र सरकारच्या विद्यार्थी-साहाय्य योजनेत असलं पाहिजे. बहुतेक असतातच. अडकतं ते कॉलेजच्या कार्यालयात. ऑगस्टमध्ये तिथे झुंबड असते. फीची शेवटची तारीख येण्याच्या सहा आठवडे आधी मागणी टाका आणि दोन आठवड्यांनी फोन करून विचारा.

सगळी रक्कम एकदम वापरायची गरज नाही. सेवा संपल्यापासून सात वर्षं मिळतात. एकदम वापरूही नये, कारण ज्या वर्षात ती वापरली त्या वर्षीचं ते उत्पन्न धरतात आणि त्यावर आयकर लागतो. यातून कर आधी कापलेला नसतो. ऑगस्टमध्ये अर्धी आणि जानेवारीत अर्धी मागितली तर ती दोन वेगळ्या करवर्षांत पडते. आम्ही ऑगस्ट २०२४ मध्ये ३,००० आणि जानेवारी २०२५ मध्ये २,५०० मागितले, आणि प्रत्येक वेळी बारा टक्के वेगळ्या खात्यात टाकून ठेवले. पुढे फॅफ्साचा (सरकारी आर्थिक साहाय्य मागण्याचा) फॉर्म भरताना, उत्पन्नात धरलेल्या शिष्यवृत्त्या आणि अमेरिकोरची रक्कम किती, असा एक रकाना येतो. तो रिकामा सोडू नका. तिथे आकडा टाकला की साहाय्य ठरवताना तेवढं उत्पन्न वजा होतं.

काही कॉलेजं या रकमेत आपली भर घालतात. आपलं कॉलेज घालतं का, हे आर्थिक साहाय्य कार्यालयालाच विचारायचं.

ज्यांचं कॉलेज झालंय आणि डोक्यावर कर्ज आहे, त्यांनाही ही रक्कम सरकारी विद्यार्थी कर्जाला लावता येते. सेवेच्या काळात हप्ते थांबवून मिळतात, अर्ज मात्र करावा लागतो, आणि सेवा पूर्ण केली तर त्या काळातलं व्याजही भरलं जातं. बँकेचं खाजगी कर्ज यात बसत नाही. आईवडिलांनी स्वतःच्या नावावर काढलेलं कर्जही बसत नाही. हे मला स्वतःला जरा लागलं.

दुसरे रस्ते

कॅलिफोर्नियात कॉलेज कोअर आहे. २०२२ मध्ये सुरू झालं. सहभागी कॉलेजात शिकता शिकता एका वर्षात ४५० तास, आणि त्याचे १०,००० डॉलर: ७,००० भत्ता, ३,००० शिक्षणासाठी. तासाला बावीस डॉलरच्या वर पडतं. वरच्या यादीशी ताडून बघा. तुमचं मूल तिथल्या सहभागी कॉलेजात असेल तर आधी हेच.

मेरीलँडने २०२३ मध्ये कायदा करून नुकत्याच हायस्कूल संपवलेल्या मुलांसाठी सेवावर्ष सुरू केलं. नऊ महिने, आठवड्याला तीस तास, तासाला किमान १५ डॉलर, आणि पूर्ण केल्यावर ६,००० डॉलर. मेरीलँडचा रहिवासी असावा लागतो.

कॉलेजच्या आतही एक वाट आहे. बॉनर फाउंडेशन प्रिन्स्टनमध्ये आहे. १९९० मध्ये बेरिया कॉलेजात त्यांचा कार्यक्रम सुरू झाला, आणि आता बऱ्याच कॉलेजांत चारही वर्षं आठवड्याला आठ-दहा तास सेवा करणाऱ्यांना साहाय्य मिळतं. आमच्या राज्यात द कॉलेज ऑफ न्यू जर्सीमध्ये हा कार्यक्रम आहे. यासाठी वर्ष घ्यावं लागत नाही, प्रवेशाच्या वेळीच वेगळा अर्ज करावा लागतो. नाहीतर साधं वर्क-स्टडी, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ काम देणारी सरकारी योजना. त्यातल्या निधीचा किमान सात टक्के भाग कॉलेजांनी समाजसेवेच्या कामांवर खर्च करावा लागतो. म्हणून लायब्ररीच्या काउंटरऐवजी शेजारच्या शाळेत शिकवण्याची जागा मागून बघा. बरेच जण मागतच नाहीत.

आमच्या लेकीच्या खात्यात १,३९५ डॉलर अजून शिल्लक आहेत. पुढे मास्टर्स करायचं म्हणते. फ्रिजवर, गणपतीच्या मॅग्नेटखाली चिकटवलेल्या कागदावर तिने त्यांची शेवटची तारीख लिहून ठेवली आहे: जून २०३१.